क्रुसेडची युद्धं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रुसेड एकूण किती झाली?

क्रुसेड म्हणजे जेरुसलेम घेण्यासाठी आणि राखण्यासाठी युरोपातल्या ख्रिस्त्यांनी काढलेल्या मोहिमा. त्या साधारणपणे आठ मोजतात, कुणी नऊ म्हणतात. हे क्रमांक नंतरच्या इतिहासकारांनी सोयीसाठी घातले. १०९५ ते १२९१ या जवळजवळ दोनशे वर्षांत युरोपातून दर वसंतात माणसं जहाजांनी येत होती. कुणी लढायला, कुणी नुसतं दर्शनाला, बरेच जण दोन्हींसाठी. राजे किंवा मोठे सरदार निघाले की त्या स्वारीला क्रमांक मिळाला, बाकीच्यांना नाही. त्यामुळे पाचवं की सहावं या वादात फार अडकू नका.

जेरुसलेम तर सातव्या शतकातच अरबांकडे गेलं होतं. मग ख्रिस्त्यांना साडेचारशे वर्षांनी जाग कशी आली?

अगदी रास्त प्रश्न. खलिफा उमर यांच्या काळात, ६३८ च्या सुमारास शहर गेलं; त्यानंतरही ख्रिस्ती यात्रेकरू तिथे जात राहिले. १००९ मध्ये इजिप्तच्या फातिमी खलिफा अल-हाकिमने तिथलं पवित्र कबरीचं, म्हणजे ख्रिस्ताच्या कबरीवरचं, चर्च पाडलं. तेव्हाही युरोपातून कुणी सैन्य काढलं नाही, आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) ख्रिस्ती, म्हणजे बायझंटाइन, सम्राटाच्या पैशाने ते पुन्हा उभं राहिलं.

खरी ठिणगी जेरुसलेमपासून खूप लांब पडली. १०७१ मध्ये मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राट रोमानोसला जिवंत पकडलं आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत आजच्या तुर्कस्तानचा बहुतेक मुलूख त्यांच्या हाती गेला. सम्राट अलेक्सियसने मार्च १०९५ मध्ये पोपकडे वकील पाठवले. त्याला हवे होते पगारी घोडेस्वार, आपल्या हुकमतीत लढणारे. पण पोप दुसऱ्या अर्बनचं गणित वेगळं होतं. जर्मन सम्राटाशी त्याचं हाडवैर होतं, त्या सम्राटाने दुसराच पोप उभा केला होता, आणि कॉन्स्टँटिनोपलचं चर्च १०५४ पासून रोमशी फटकून होतं. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेर्माँ इथे त्याने भाषण केलं आणि सम्राटाच्या मागणीत जेरुसलेम घातलं. जो जाईल त्याचं पापक्षालन होईल, असं आश्वासन दिलं. त्या भाषणाचे जे मसुदे आज मिळतात ते शहर जिंकल्यानंतर लिहिलेले आहेत, तेव्हा त्यातली वाक्यं पोपच्या तोंडची म्हणून फिरवणाऱ्यांपासून सावध राहा.

सम्राटाने मागितली होती कुमक आणि दारात येऊन उभा राहिला पूर.

ही माणसं श्रद्धेने गेली की लुटीसाठी?

पूर्वी असं सांगत की घरची जमीन थोरल्याला मिळाली, म्हणून धाकटे नशीब काढायला पूर्वेकडे गेले. कागदपत्रं पाहिली की हे टिकत नाही. घोडा, चिलखत, नोकर, दोन-तीन वर्षांचा शिधा हा खर्च एखाद्या सरदाराच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाएवढा होता. नॉर्मंडीच्या रॉबर्टने आपली अख्खी जहागीर इंग्लंडच्या राजाकडे, म्हणजे सख्ख्या भावाकडे, १०,००० मार्कांना गहाण टाकली. गॉडफ्रेने बुईयाँचा आपला किल्ला लिएजच्या बिशपकडे ठेवला. जे परतले त्यातले बहुतेक कर्जबाजारी होऊन परतले. लुटीसाठी जाणारा माणूस असा हिशेब करत नाही.

पण श्रद्धा खरी म्हणजे वागणंही चांगलं, असं मात्र समजू नका. सरदारांच्या आधी, १०९६ च्या उन्हाळ्यात, ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स, माइन्झ या शहरांत निघालेल्या टोळ्यांनी तिथल्या ज्यूंची कत्तल केली. मुसलमान अजून हजारो मैल दूर होते. आणि बोहेमंडसारखे सरदारही होतेच, ज्यांची नजर पहिल्या दिवसापासून एखाद्या भरभक्कम शहरावर होती.

परक्या मुलखात, अर्धपोटी सैन्य, तरी पहिली मोहीम यशस्वी कशी झाली?

समोर एकी नव्हती म्हणून. माझ्या मते या दोनशे वर्षांतलं बहुतेक सगळं या एका वाक्यात येतं. फक्त बाजू बदलत जाते.

१०९२ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशाह आणि त्याचा वजीर निझाम-उल-मुल्क काही आठवड्यांच्या अंतराने गेले आणि साम्राज्य भाऊबंदकीत सापडलं. अलेप्पोचा रिदवान आणि दमास्कसचा दुकाक हे सख्खे भाऊ, एकमेकांचं तोंड न पाहणारे. इजिप्तचे फातिमी शिया, त्यांना सुन्नी तुर्क नको होते.

आता अँटिओकचा वेढा पाहा. ऑक्टोबर १०९७ ला सुरू झाला, जवळजवळ आठ महिने चालला. शहराचा सुभेदार यागी-सियान याने मदतीसाठी सगळीकडे माणसं पाठवली. डिसेंबरात दुकाक आला, एकटा, आणि मार खाऊन परत गेला. फेब्रुवारीत रिदवान आला, तोही एकटा. दोघे एकदम आले असते तर क्रुसेड तिथेच संपलं असतं, इतकी वाईट अवस्था छावणीत होती. त्याच हिवाळ्यात फातिमींचे वकील क्रुसेडर छावणीत तहाची बोलणी करत होते. मोसुलचा करबोगा मोठं सैन्य घेऊन निघाला खरा, पण वाटेत एडेसापुढे तीन आठवडे अडकला. तेवढ्यात बोहेमंडने फिरूझ नावाच्या बुरुजावरच्या अधिकाऱ्याला फितवलं. ३ जून १०९८ च्या पहाटे शिड्या लागल्या आणि शहर पडलं. किल्ला तटामुळे नाही, आतल्या माणसामुळे पडतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

एक-दोन दिवसांतच करबोगा पोचला, आणि वेढा घालणारेच वेढ्यात अडकले. आत खायला नव्हतं. घोड्यांच्या शिरा कापून रक्त पिण्यापर्यंत वेळ आली. पीटर बार्थोलोम्यू नावाच्या एका साध्या माणसाला स्वप्न पडलं की ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला भाला इथल्या चर्चखाली पुरलाय. खणलं, लोखंडाचा तुकडा निघाला. बऱ्याच जणांना तेव्हाही शंका होती, पण सैन्याला चेव आला. २८ जूनला सगळे दरवाजा उघडून बाहेर पडले. करबोगाच्या फौजेतल्या अमीरांना त्याचा विजय नकोच होता, कारण तो जिंकला तर उद्या आपल्याच उरावर बसणार. ते ऐन वेळी निघून गेले. भाल्याने किती काम केलं आणि या अमीरांनी किती, ते तुम्हीच ठरवा.

१०९९ मध्ये जेरुसलेममध्ये खरंच रक्ताचे पाट वाहिले का?

कत्तल झाली, यात शंका नाही. १५ जुलै १०९९ रोजी सैन्य तट ओलांडून आत शिरलं आणि मुसलमान, ज्यू, बायका, मुलं, कुणाची गय केली नाही. ही गोष्ट ख्रिस्ती बखरकारांनीच अभिमानाने लिहून ठेवली आहे. ‘घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त’ हा तपशील मात्र बायबलच्या शेवटच्या भागातून उचललेला आहे. एका अरबी इतिहासकाराने ७०,००० मेले असं लिहिलं, तोही शंभरेक वर्षांनंतर. आजचे अभ्यासक काही हजार मानतात. कैरोत सापडलेल्या जुन्या ज्यू पत्रांत, अस्कलानमधले लोक जेरुसलेमच्या कैद्यांची आणि लुटलेल्या धर्मग्रंथांची खंडणी भरून सुटका करण्यासाठी वर्गणी गोळा करताना दिसतात. म्हणजे सगळे मारले गेले नाहीत, काही विकायला ठेवले होते.

एक गंमतही लक्षात घ्या. शहर तेव्हा तुर्कांकडे नव्हतंच. क्रुसेडर अँटिओकमध्ये अडकलेले असताना, १०९८ मध्ये फातिमींनी ते तुर्कांकडून परत घेतलं होतं.

जिंकल्यावर तिथे दोन्ही धर्मांची माणसं एकत्र कशी राहिली?

मला विचाराल तर या इतिहासातला सगळ्यात वाचनीय भाग हाच. एडेसा, अँटिओक, जेरुसलेम आणि ११०९ नंतर त्रिपोली अशी चार ख्रिस्ती राज्यं उभी राहिली. राज्यकर्ते मूठभर, रयत अरबी बोलणारी: मुसलमान, पूर्वेकडचे ख्रिस्ती, ज्यू. मुसलमान स्थानिकांना ‘फ्रँक’ हे नाव सगळ्या युरोपियनांसाठी पुरेसं होतं.

शैजरचा अमीर उसामा इब्न मुन्किध याने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. जन्म १०९५ चा, म्हणजे पोपच्या भाषणाच्या वर्षाचा, मृत्यू ११८८. सगळं आयुष्य फ्रँकांशी लढण्यात आणि त्यांच्याशी मैत्री करण्यात गेलं. तो सांगतो की जेरुसलेमला गेलो की टेम्प्लर, म्हणजे लढवय्या साधूंच्या संघातले सरदार, ‘जे माझे मित्र आहेत’, अल-अक्साच्या बाजूची एक छोटी मशीद मला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा नमाज चालू असताना एका फ्रँकाने धावत येऊन त्याचं तोंड पूर्वेकडे वळवलं: प्रार्थना अशी करायची! टेम्प्लरांनी त्याला ओढून बाहेर काढलं. थोड्या वेळाने तो पुन्हा हजर. शेवटी टेम्प्लरांनी उसामाची माफी मागितली: नवीन आहे, नुकताच देशाहून आलाय, मक्केकडे तोंड करणारा माणूस त्याने कधी पाहिला नाही.

त्यांच्या वैद्यकाबद्दलचा त्याचा किस्सा तर भयंकर आहे. एका सरदाराच्या पायाला गळू झालं होतं. स्थानिक ख्रिस्ती वैद्याने पोटीस लावून ते फोडलं, बरं होत आलं होतं. मग फ्रँक वैद्य आला, एका पायाने जगायचंय की दोन पायांनी मरायचंय, असं विचारलं, आणि कुऱ्हाड मागवली. दोन घाव घातले; रोगी जागीच गेला. उसामा तिखटमीठ लावतो हे खरं, पण फ्रँकांची एक-दोन औषधं उत्तम होती हेही तो लगेच पुढे सांगतो.

११८४ मध्ये स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर दमास्कसहून आक्र बंदराला गेला. एकीकडे युद्ध पेटलेलं आणि दुसरीकडे व्यापाऱ्यांचे काफिले दोन्ही मुलखांतून जकात भरून निर्धास्त ये-जा करताहेत, हे पाहून तो चकित झाला. फ्रँकांच्या अमलाखालचे मुसलमान शेतकरी निम्मं पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात देतात, बाकी त्यांच्या वाटेला कुणी जात नाही, असं त्याने लिहिलं. आणि मुसलमान जमीनदारांच्या रयतेपेक्षा हे बरे राहतात म्हणून त्याचा जीव जळला. हे सगळं गोड समजू नका. त्याच मुलखात त्याने साखळदंडातले मुसलमान कैदी, बायकासुद्धा, पाहिले.

टेम्प्लर म्हणजे नेमके कोण? त्यांचा खजिना कुठे आहे?

शपथ घेऊन ब्रह्मचारी राहणारे लढवय्ये साधू. १११९ च्या सुमारास यात्रेकरूंच्या रक्षणासाठी एकत्र आले, पुढे युरोपभर जमिनी मिळाल्या आणि पेढीच झाली. पॅरिसला रक्कम भरायची, कागद घ्यायचा, पूर्वेकडे जाऊन पैसे उचलायचे. आपल्याकडच्या हुंडीसारखाच प्रकार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांचा कर्जदार होता. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याने फ्रान्समधल्या सगळ्यांना एकाच दिवशी पकडलं, छळ करून कबुलीजबाब घेतले. १३१२ मध्ये पोपने संघ मोडला, १३१४ मध्ये शेवटच्या प्रमुखाला जाळलं. खजिन्याच्या कथा करमणूक म्हणून वाचा. संपत्ती होती ती मुख्यतः जमिनीत, आणि जमीन लपवता येत नाही.

सलाउद्दीन इतका मोठा का मानला जातो? हत्तीनच्या लढाईत काय झालं?

सलाउद्दीन कुर्द, तिक्रीतचा जन्म. काकाबरोबर इजिप्तला गेला, ११७१ मध्ये फातिमी खिलाफत बुडवली, आणि आपला धनी नूरुद्दीन वारल्यावर दमास्कस घेतलं. नंतरची दहा-बारा वर्षं त्याचा बराच वेळ मुसलमान राज्यकर्त्यांशीच लढण्यात गेला. ११८३ मध्ये अलेप्पो, ११८६ मध्ये मोसुल नमलं. तेव्हा कुठे इजिप्त आणि सिरिया एका हाताखाली आले आणि चिमटा तयार झाला. आता भाऊबंदकी होती जेरुसलेमच्या दरबारात.

जुलै ११८७. जेरुसलेमच्या राजा गीने राज्यातली जवळजवळ सगळी शिबंदी सफुरियाच्या झऱ्यांपाशी गोळा केली होती. सलाउद्दीनने तिबेरियास शहर वेढलं. आत त्रिपोलीच्या रेमंडची बायको होती, तरी रेमंडच म्हणाला, शहर गेलं तर जाऊ दे, पाणी सोडून हलायचं नाही. सगळ्यांना पटलं. रात्री टेम्प्लरांचा प्रमुख राजाच्या तंबूत गेला आणि रेमंड गद्दार आहे हे त्याच्या मनात भरवलं. पहाटे कूच.

३ जुलैचा दिवस उन्हात, बाण खात, पाण्याशिवाय गेला. तिबेरियासचं तळं अजून काही मैलांवर असताना सैन्य थांबलं. रात्रभर शत्रूच्या छावणीतले आवाज ऐकू येत होते. सकाळी सलाउद्दीनच्या लोकांनी वाळलेलं गवत पेटवून दिलं, वारा धूर घेऊन आला. पायदळ रांग मोडून हत्तीनच्या टेकडीवर चढलं आणि परत उतरायला तयार होईना. ४ जुलैला दुपारपर्यंत जेरुसलेमचं सैन्य असं काही उरलं नाही.

सलाउद्दीनने तंबूत राजाला बर्फ घातलेलं सरबत दिलं. राजाने प्याला रेनाल्डकडे सरकवला. हा रेनाल्ड तह मोडून काफिले लुटणारा, तांबड्या समुद्रात जहाजं सोडणारा. पाहुण्याला पाणी दिलं की अभय दिल्यासारखं होतं, म्हणून सलाउद्दीनने लगेच बजावलं की हे मी त्याला दिलेलं नाही. थोड्याच वेळात रेनाल्डचं मुंडकं उडवलं. पकडलेले टेम्प्लर आणि हॉस्पिटलर (असाच दुसरा लढवय्या संघ), सुमारे दोनशे, तेही ठार केले. सलाउद्दीनचा मोठेपणा सांगणारे हा भाग गाळतात.

२ ऑक्टोबरला जेरुसलेमने दरवाजे उघडले, तेव्हा मात्र १०९९ ची परतफेड झाली नाही. पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच, भरा आणि जा. मुदत चाळीस दिवस. ज्यांना जमलं नाही असे हजारो गुलामगिरीत गेले. सलाउद्दीनच्या भावाने हजार गरीब मागून घेतले आणि सोडून दिले. ख्रिस्ती धर्मगुरू आपले दहा दिनार भरून, चर्चचं सोनं गाड्यांत घालून निघून गेला.

इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सलाउद्दीन यांची भेट झाली होती का?

नाही, एकदाही नाही. बोलणी व्हायची ती सलाउद्दीनचा भाऊ अल-आदिल याच्यामार्फत. रिचर्डने आपली बहीण जोन त्याला द्यायची आणि दोघांनी मिळून जेरुसलेमवर राज्य करायचं असाही प्रस्ताव आला होता; किती मनापासून, तो भाग निराळा. रिचर्ड आजारी असताना सलाउद्दीनने फळं आणि बर्फ पाठवला हे खरं. त्याच रिचर्डने ऑगस्ट ११९१ मध्ये आक्रपुढे सुमारे २,७०० कैदी कापले हेही खरं. २ सप्टेंबर ११९२ ला तह झाला: किनारा ख्रिस्त्यांकडे, जेरुसलेम मुसलमानांकडे, यात्रेकरूंना वाट मोकळी.

चौथ्या क्रुसेडने कॉन्स्टँटिनोपल का लुटलं? ते तर ख्रिस्ती शहर होतं!

उधारीमुळे. १२०१ मध्ये व्हेनिसशी करार झाला की ३३,५०० माणसं, ४,५०० घोडे, किंमत ८५,००० मार्क. व्हेनिसने वर्षभर बाकीचा धंदा गुंडाळून जहाजं बांधली. ठरल्या वेळी जेमतेम तिसरा हिस्सा माणसं आली, आणि भांडी-कुंडी विकूनही सुमारे ३४,००० मार्क कमी पडले. व्हेनिसचा म्हातारा, आंधळा प्रमुख दांदोलो म्हणाला, आधी आम्हाला झारा शहर घेऊन द्या. झारा ख्रिस्ती, तिथला धनी हंगेरीचा राजा, त्यानेही क्रुसेडची शपथ घेतलेली! मग एक बेदखल बायझंटाइन राजपुत्र आला आणि मला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो म्हणाला. बसवला, पैसे निघेनात, तो मारला गेला. एप्रिल १२०४ मध्ये शहर फोडलं आणि तीन दिवस लुटलं. मुसलमानांशी लढायला निघालेली ही मोहीम मुसलमानांपर्यंत पोचलीच नाही म्हटलं तरी चालेल.

लढाई न करता जेरुसलेम परत मिळालं होतं, हे खरं आहे का?

हो, आणि तेही पोपने बहिष्कृत केलेल्या माणसाने मिळवलं. सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांच्यात फेब्रुवारी १२२९ मध्ये दहा वर्षांचा तह झाला. शहर ख्रिस्त्यांना, अल-अक्सा आणि घुमटाचा परिसर मुसलमानांकडे. अल-कामिलला दमास्कसच्या आपल्या नातलगांशी झगडायचं होतं, त्याला मागे शत्रू नको होता. यामुळे दोन्हीकडचे धर्माभिमानी सारखेच खवळले. १२४४ मध्ये मध्य आशियातल्या ख्वारिझमी टोळ्यांनी शहर घेतलं, ते क्रुसेडरांकडे पुन्हा आलं नाही.

लहान मुलांचं क्रुसेड?

१२१२ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधून गरिबांच्या झुंडी निघाल्या, त्यात मुलं बरीच होती. पोपची परवानगी नव्हती, जेरुसलेमला कुणी पोचलं नाही. समुद्र दुभंगेल वगैरे कथा नंतर चिकटल्या.

शेवट कसा झाला?

इजिप्तमध्ये १२५० मध्ये मामलुक, म्हणजे विकत घेऊन लष्करात वाढवलेले गुलाम, स्वतःच सत्तेवर आले. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद बुडवलं. मध्ययुगीन मुस्लिम जगाच्या आठवणीत हा घाव क्रुसेडपेक्षा कितीतरी मोठा होता. १२६० मध्ये ऐन जालूतला मामलुकांनी मंगोलांना हरवलं, आणि त्या वेळी आक्रच्या फ्रँकांनी मामलुक सैन्याला आपल्या मुलखातून वाट दिली होती. मामलुक सुलतान बैबर्सने त्याची जाण ठेवली नाही. १२६८ मध्ये अँटिओक, १२७१ मध्ये क्राक दे शव्हालिएचा किल्ला गेला. १२८९ मध्ये त्रिपोली. दरम्यान आक्रच्या गल्ल्यांत व्हेनिस आणि जिनोआचे व्यापारी एकमेकांवर दगड फेकणारी यंत्रं चालवत होते. १८ मे १२९१ ला आक्र पडलं.

आपल्या महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि ओढून-ताणून नाही. टेम्प्लर संघ मोडल्यावर पोर्तुगालमधली त्यांची मालमत्ता १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या नव्या संघाला मिळाली. या संघाचा लाल क्रूस शिडावर घेऊन पोर्तुगीज जहाजं हिंदुस्थानात आली. राजा मानुएलच्या डोक्यात मसाल्याच्या व्यापाराइतकंच मामलुकांचं नाक दाबून जेरुसलेम घ्यायचंही होतं. इकडे मामलुकांची जकात बुडू लागली, तेव्हा त्यांनी सुएझहून अमीर हुसेन अल-कुर्दीच्या हाताखाली आरमार पाठवलं. मार्च १५०८ मध्ये या दोन जुन्या वैऱ्यांची गाठ पडली ती आपल्या रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या मुखाशी, निजामशाहीच्या चौल बंदरात. गुजरातचा मलिक अयाझ मदतीला आल्यावर पोर्तुगीज हरले आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवला सूड उगवला. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला, आणि त्या वेळी त्याच्या बाजूला तिमय्या हा हिंदू सरदार होता. इथेही दोन सरळ बाजू सापडत नाहीत.

मग बरोबर कोण होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वतीने आज भांडायचं असेल, तर आधी रिदवान आणि दुकाक यांच्यातला कुठला भाऊ आपला, हे ठरवावं लागेल.

आज पाहण्यासारखं काय उरलं आहे?

सीरियात क्राक दे शव्हालिए, इस्रायलमध्ये आक्रची जमिनीखाली सापडलेली दालनं. दमास्कसला उमय्यद मशिदीच्या बाजूला सलाउद्दीनची कबर आहे. जर्मन कैसरने १८९८ मध्ये तिथे वाहिलेला धातूचा हार मात्र पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी उचलला, तो लंडनच्या युद्ध संग्रहालयात आहे. आणि व्हेनिसला सेंट मार्कच्या चर्चवर १२०४ च्या लुटीत आणलेले चार घोडे. दर्शनी भागावर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ घोडे आत, वेगळं तिकीट काढून पाहावे लागतात.